बाबांच्या गाडीचा ऑइल फिल्टर : प्रकल्प नोंदी

७ फेब्रुवारी, शनिवार

बाबांनी गाडी चालवणं सोडल्यापासून ती माझ्याकडे आहे. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, वय बरंच झालंय, पण आवाज अजून खणखणीत. दोन महिन्यांपूर्वी बाहेर एका ठिकाणी ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला. त्यानंतर गाडीखाली काळा डाग पडायला लागला. आधी तळहाताएवढा, आता ताटाएवढा. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेपर्यंत आलंय. वरून भर घातली, पण नुसती भर घालत राहणं मला पटत नाही. ऑइल कुठून जातंय ते शोधायचं, दुरुस्त करायचं आणि केलेलं सगळं या वहीत लिहायचं.

आज फक्त पाहणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, पुढून जॅकने उचलून दोन स्टँडवर ठेवलेली. स्टँडवर वजन आल्यावर गाडी हाताने हलवून पाहिली आणि मगच खाली सरकले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, हा बाबांचा नियम मी कधीच मोडत नाही.

खालून बघितलं तर सगळंच ओलं. फिल्टर ओला, चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) ओलं, ते रिकामं करायच्या ड्रेन प्लगवर थेंब लोंबतोय, मागचा आडवा बारही काळा. अशा वेळी जिथून थेंब पडतो तिथेच गळती आहे असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. ऑइल खाली ओघळतं आणि गाडी चालली की वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. पण सगळंच माखलेलं असल्यावर वर काय नि पुढे काय! इंजिन थंड होतं, त्यामुळे ब्रेक क्लीनर आणि जुनी फडकी घेऊन तासभर पुसत बसले. फिल्टरचा डबा, तो इंजिनावर जिथे टेकतो ती बैठक, शेजारचा ऑइल प्रेशरचा स्विच, चेंबरची कड, ड्रेन प्लग, सगळं कोरडं केलं. नंतर त्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरवला.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी वीस मिनिटं गाडी फिरवून आणली, थंड होऊ दिली, पुन्हा खाली गेले. पावडरने काम चोख केलं. ड्रेन प्लग पांढरा, प्रेशर स्विच पांढरा, चेंबरची कड पांढरी. फिल्टर आणि इंजिन जिथे टेकतात त्या फटीतून मात्र एकाच बाजूने बोटभर रुंदीचा काळा ओघळ डब्यावरून खाली उतरलेला.

धाकटा भाऊ टॉर्च धरून बसला होता. म्हणाला, "ताई, सैल असेल. पाना लाव आणि आवळून टाक." मी हाताने फिरवून पाहिला. तसूभरही हलला नाही. म्हणजे सैल नाही, उलट चांगलाच आवळलेला आहे आणि तरी गळतोय. असं असेल तर आणखी आवळून गळती थांबणार नाही, आत काय बिघडलंय ते तेवढं झाकलं जाईल. काढून बघणं भाग आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस फिल्टर काढण्यात गेला, आणि त्यातच सगळं उत्तर मिळालं.

इंजिन पाच मिनिटं चालवून थोडं थांबले. ऑइल कोमट असलं की भराभर सुटतं, कढत असलं तर हात भाजतो. ड्रेन प्लग उघडून ऑइल खालच्या ट्रेमध्ये सोडलं, धार थांबून थेंब थेंब होईपर्यंत वाट पाहिली, प्लगचा जुना वायसर फेकून नवा घातला आणि प्लग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने (ठरवलेला जोर आला की टक् करणारा पाना) बसवला. या प्लगबद्दल इतकंच पुरे.

फिल्टर हाताने सुटेना. पट्ट्याचा पाना लावला, तर तेलकट डब्यावर पट्टा घसरायला लागला. डबा पुसून पट्ट्याखाली पॉलिश पेपरचा तुकडा घातला, तेव्हा पट्टा धरला, पण डबाच चेपायला लागला. तो बेत सोडून डब्याच्या तळावर बसणारा टोपीसारखा पाना लावला. हा पाना डब्याच्या पैलूंवर नेमका बसतो आणि जोर सगळीकडे सारखा वाटला जातो. लांब दांडा लावून हळूहळू भार वाढवत नेला. एकदाचा कट् असा आवाज आला आणि फिल्टर सुटला. भाऊ स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवू या म्हणत होता. मी नको म्हटलं. डब्याचा पत्रा पातळ असतो. तो फाटून निघाला तर फिल्टरचं बूड आट्यांवरच राहतं, आणि ते काढताना बैठकीला ओरखडे पडतात. बैठकीला ओरखडा म्हणजे कायमची गळती.

आता मुख्य गोष्ट. फिल्टर ट्रेमध्ये ठेवला आणि फडक्याने इंजिनाची बैठक पुसून घेतली. गुळगुळीत लागली. नवा फिल्टर खोक्यातून काढला, लावायला हातही वर केला. सहज म्हणून जुना फिल्टर उलटा करून पाहिला, तर त्याच्या तोंडावरची खोबण रिकामी! फट बंद करणारी रबरी रिंग तिथे नव्हतीच. ट्रेमधल्या ऑइलमध्ये बोटं फिरवली, नाही. जमिनीवर पाहिलं, नाही. मग आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिनाची बैठक नीट बघितली. काळ्या तेलकट धातूवर काळी तेलकट रिंग इतकी बेमालूम चिकटली होती की फडकं तिच्यावरून सुळकन गेलं होतं. नखाने कड उचलून पाहिली, तेव्हा ती निघाली. सोलत सोलत पूर्ण काढली.

तिच्यावर नवा फिल्टर बसवला असता तर दोन रिंगा एकावर एक आल्या असत्या. अशी जोडी सुरुवातीला टिकतेही, इंजिन संथ चालू असताना कोरडं दिसतं. मग दाब वाढतो, वरची रिंग खालच्या रिंगवरून घसरते आणि सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येतं. ऑइलचा लाल दिवा दिसून इंजिन बंद करेपर्यंत बेअरिंगं गेलेली असू शकतात. हे वाचून मला माहीत होतं. तरी नुसत्या पुसण्यावर विसंबून मी नवा फिल्टर हातात घेतला होता. म्हणून इथे ठळक लिहितेय: जुना फिल्टर निघाला की पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघायचं. रिंग तिथे असेल तर पुढे जायचं, नसेल तर मिळेपर्यंत थांबायचं.

निघालेली रिंग पुसून उजेडात धरली. एका बाजूला चपटी होऊन कागदासारखी पातळ, समोरच्या बाजूला पिळून फुगलेली आणि खोबणीबाहेर आल्याची कड उमटलेली. हा फुगवटा आणि तो ओघळ एकाच बाजूला. शिवाय पातळ भागावर ओढल्याच्या बारीक रेघा. कोरडी रिंग आणि वरून पान्याने मारलेला जोर, दुसरं काही नाही. रबर कोरडं असलं की ते धातूला चिकटून राहतं आणि डबा फिरत राहतो. मग रिंग दबण्याऐवजी ओढली जाते, एका जागी गोळा होते, दुसऱ्या जागी ताणते. फिल्टर घट्ट लागतो, पण तो घट्टपणा घर्षणाचा असतो.

संध्याकाळी बाबांना रिंग दाखवली. त्यांनी दोन बोटांत धरून फिरवली. म्हणाले, "पोरी, रबराला दाबायचं असतं, पिळायचं नसतं." आज नवा फिल्टर लावला नाही. बैठकीवर स्वच्छ फडकं बांधून ठेवलंय. हा विषय नीट समजल्याशिवाय हात लावायचा नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळला आणि आज कापला. करवत वापरली तर लोखंडाचा कीस आत जातो, आणि मग तो कीस इंजिनाचा की करवतीचा हे कळत नाही. पाइप कापायच्या चाकासारखा फिल्टर-कटर असतो, त्याने तोंडाजवळून गोल कापला.

आतली मांडणी एकदा डोळ्यांनी पाहिली की बरंच उलगडतं. तोंडावर कडेने लहान लहान भोकांची ओळ आणि मध्ये आट्यांचं मोठं भोक. पंपाकडून आलेलं ऑइल कडेच्या भोकांतून आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदाच्या बाहेरून आत झिरपतं, मधल्या जाळीदार नळीत जमतं आणि मोठ्या भोकातून इंजिनाला जातं. कडेच्या भोकांमागे रबरी पडदा असतो. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल उलटं वाहून जाऊ नये म्हणून तो. माझ्या गाडीत फिल्टर तोंड वर करून खाली लोंबतो, त्यामुळे ऑइल तसंही डब्यातच राहतं, पण आडव्या किंवा उलट्या फिल्टरमध्ये हाच पडदा महत्त्वाचा. तो कडक झाला की सकाळी इंजिन सुरू करताना क्षणभर कोरडी खडखड ऐकू येते. याशिवाय स्प्रिंगवर बसलेला बायपास व्हॉल्व्ह. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल फारच दाट झालं तर तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे सोडतो. इंजिनाला ऑइलच न मिळण्यापेक्षा न गाळलेलं मिळालेलं बरं.

कागदाच्या घड्या सोडवून, व्हाइसच्या शिकंज्यात दाबून पिळून काढल्या आणि पसरून पाहिल्या. चुंबक फिरवला. जरासा काळा गाळ, चमकणारा कण एकही नाही. मन हलकं झालं. इंजिनाची तब्येत बरी आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. नव्या फिल्टरच्या डब्यावर छापलंय: रबराला ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पाऊण फेरा. बहुतेक फिल्टरांवर असंच काहीतरी असतं, कुठे अर्धा-पाऊण, कुठे पूर्ण फेरा. ताकदीचा आकडा देण्याऐवजी फेरा का देतात, हे मला आजवर सुचलंच नव्हतं.

माझ्या फिल्टरचे आटे एम २० × १.५. म्हणजे व्यास २० मिमी आणि एका पूर्ण फेऱ्यात फिल्टर १.५ मिमी वर सरकतो. पाऊण फेऱ्यात १.१२५ मिमी. व्हर्निअरने रिंगची जाडी मोजली, साधारण ५ मिमी. म्हणजे रबर आपल्या जाडीच्या पाचव्या भागाहून थोडं जास्त दबतं. एवढं दबलं की ते बैठकीच्या बारीक खळग्यांत शिरतं, आणि तरी परत उसळी मारायची ताकद त्यात शिल्लक राहते. ही उसळीच ऑइल अडवते. इंजिन तापतं, निवतं, धातू फुगतो, आकसतो, आणि रबर दर वेळी त्याच्यामागे सरकून फट भरून काढतं. फार आवळलं तर रबर बसून जातं, उसळी संपते. कमी आवळलं तर ती मुळात तयारच होत नाही.

म्हणून फेरा. आट्यांची चाल ठरलेली आहे, तेव्हा फेरा मोजला की दाबलेलं अंतर मोजलं गेलं. हात तेलकट आहे की कोरडा, माणूस दांडगा आहे की किरकोळ, पाना लांब आहे की आखूड, कशानेही ते अंतर बदलत नाही. अट एकच. मोजणी रिंग टेकल्याच्या क्षणापासून सुरू व्हायला हवी. तो क्षण चुकला तर पुढचा पाऊण फेरा कितीही काटेकोर असला तरी काही उपयोग नाही. सगळं काम त्या एका क्षणावर उभं आहे, आणि घाईत तोच निसटतो.

आणखी एक हिशेब केला. थंड इंजिनावर ऑइलचा दाब ४ बार (बार हे दाबाचं एकक) धरला आणि रिंगच्या आतला व्यास ६० मिमी, तर फिल्टरला खाली ढकलणारा जोर येतो ११० किलोच्या वर. एवढा भार ते आटे पेलतात. म्हणून आट्यांचं माप जुळलंच पाहिजे. बाजारात ३/४ इंच, इंचाला १६ आटे या मापाचेही फिल्टर असतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी. फिल्टर ज्या आटेदार नळ्यावर चढतो तो या मापाचा असेल, तर २० मिमीचा फिल्टर त्यावर चढतो, फिरतो, वरवर पाहता बसतोही, पण आट्यांची पकड नावापुरती. फिल्टर दिसायला सारखा आहे म्हणून घ्यायचा नाही. नंबर जुळवायचा, आणि जुना-नवा शेजारी ठेवून रिंगचा व्यास आणि आटे ताडून बघायचे.

२२ फेब्रुवारी, रविवार

बसवला. सकाळची पूर्ण वेळ दिली.

आधी बैठक. बोटाला फडकं गुंडाळून गोल गोल पुसली, मग फडकं काढून नुसत्या बोटाने एक पूर्ण प्रदक्षिणा. रबराचा कण, वाळूचा खडा, ओरखडा, काहीच लागलं नाही. आरशात पुन्हा पाहिलं, धातू सगळीकडे सारखा चमकतोय. मधल्या नळ्याचे आटे पुसले. तो नळा स्वतः इंजिनात घट्ट आहे ना, तेही हाताने पाहून घेतलं. कधी कधी जुन्या फिल्टरबरोबर तोही सैल होतो.

मग एक प्रयोग. पुढच्या वेळेसाठी म्हणून दुसरा तसाच फिल्टर आणून ठेवला होता. तो मुद्दाम कोरडा लावून पाहिला. रिंग टेकेपर्यंत फिरवला, मार्करने डब्यावर आणि इंजिनावर समोरासमोर रेघ मारली, आणि हाताला 'आता पुरे' वाटेपर्यंत आवळला. रेघ अर्ध्या फेऱ्याच्याही अलीकडे थांबली. फिरताना हाताला बारीक झटके जाणवत होते, रबर धरून सोडल्यासारखे. काढून पाहिला तर रिंगच्या एका भागाची चकाकी गेलेली. त्याच रिंगला नवं ऑइल लावून पुन्हा लावला, तेवढाच जोर केला. या वेळी रेघ जवळजवळ पाऊण फेऱ्यावर गेली, आणि फिरणं लोण्यासारखं मऊ. तोच हात, तोच फिल्टर, तोच जोर. फरक फक्त बोटभर ऑइलचा. जुन्या फिल्टरचं काय झालं असेल ते मला आज हाताला कळलं.

प्रयोगाचा फिल्टर बाजूला ठेवला आणि लावायचा तो घेतला. बाटलीतल्या नव्या ऑइलमध्ये करंगळी बुडवून रिंगवरून दोनदा फिरवली. थेंब ओघळायला नकोत, पण रबर सगळीकडे ओलं चमकलं पाहिजे. रिंग खोबणीत सगळीकडे सारखी बसलीय ना, हेही त्याच फेरीत कळतं.

माझा फिल्टर उभा लोंबतो, म्हणून आत थोडं ऑइल भरलं. कडेच्या लहान भोकांतूनच ओतलं, मधल्या भोकातून नाही. मधली बाजू गाळलेल्या ऑइलची, तिथे कचरा पडला तर तो थेट बेअरिंगांकडे जातो. कागद ऑइल पितो तसतशी पातळी उतरते, दोन-तीनदा थांबून थांबून ओतावं लागतं. फिल्टर आडवा असलेल्या गाडीत हे करता येत नाही आणि केलंच पाहिजे असंही नाही. मला मात्र पहिल्या काही सेकंदांत इंजिन कोरडं फिरू नये असं वाटतं.

मग फिल्टर वर धरला. आटे लावताना आधी उलटं फिरवलं, टक् करून आटा आट्यात उतरला, तेव्हा सरळ फिरवायला लागले. पहिले दोन फेरे फक्त बोटांच्या टोकांनी. आटे वाकडे बसत असतील तर बोटांना लगेच कळतं, मुठीला कळत नाही.

टेकण्याचा क्षण कसा ओळखायचा, याची एक खूण आज सापडली. फिल्टर आट्यांवर असतो तोवर तो किंचित डुगडुगतो. डब्याच्या तळाला धरून हलवलं की ते जाणवतं. मी पाव पाव फेरा फिरवत गेले आणि दर वेळी हलवून पाहिलं. डुगडुग, डुगडुग, मग जराशी, आणि मग एकदम बंद. तीच जागा. भाऊ बाजूने टॉर्च मारून फटीतून दिसणारा उजेड बघत होता. तोही त्याच वेळी म्हणाला, "गेला ताई, उजेड गेला." हात काढून घेतला, तळवे आणि डबा पुसून कोरडे केले आणि डब्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, तिच्यासमोर इंजिनावर दुसरी. काही फिल्टरांवर १, २, ३, ४ असे आकडे गोल छापलेले असतात, ते याचसाठी. १ समोर असताना रिंग टेकली तर ४ समोर येईपर्यंत फिरवायचं, झाला पाऊण फेरा. माझ्या डब्यावर आकडे नाहीत, रेघच माझा आकडा.

पाव. अर्धा. शेवटच्या पावाला चांगला जोर लागला, हातमोजा घालून पकड घ्यावी लागली. पाना लागला नाही. रेघ ठरल्या जागी आली आणि मी थांबले. खरं सांगायचं तर तिथे थांबणंच अवघड गेलं. "आणखी थोडा दाब ना," भाऊ म्हणाला, आणि माझ्याही हाताला तेच वाटत होतं. पण हाताला काय वाटतं ते कोरड्या फिल्टरनेच दाखवून दिलंय. जागा अडचणीची असेल आणि हाताला फिरवताच येत नसेल तर टोपी-पान्याने तेवढाच फेरा पुरा करायला हरकत नाही, पण रेघेपाशी थांबायचं.

इंजिनात मॅन्युअलने सांगितलेलं ऑइल ओतलं आणि इंजिन सुरू केलं. ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत गेला. रेस केलं नाही. भाऊ आत बसला आणि मी खालून फटीवर नजर ठेवली. काही मिनिटं चालवून बंद, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक. वरच्या खुणेच्या जरा खाली. थोडं ओतून खुणेवर आणलं, वर जाऊ दिलं नाही. शेवटी सगळं पुसून पुन्हा पावडर.

२३ फेब्रुवारी, सोमवार

खरी परीक्षा आज सकाळची होती. रात्रभर निवलेल्या इंजिनात ऑइल दाट असतं आणि सुरू करताच दाब सगळ्यात जास्त चढतो. फट असेल तर याच वेळी बोलते. खाली पुठ्ठा अंथरून इंजिन सुरू केलं, उकिडवी बसून बघितलं. फटीभोवती पावडर पांढरी.

गरम झाल्यावर परत एकदा आवळायचा मोह मी बाजूला ठेवला. रबर दबलंय, रेघ जागेवर आहे, तिथे पुन्हा हात लावायचं काही कारण नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी पुठ्ठ्यावर एक थेंब! पोटात गोळा आला. खाली गेले तर फिल्टर कोरडा. थेंब मागच्या आडव्या बारच्या खोबणीतून पडलेला. फिल्टर काढताना सांडलेलं ऑइल तिथे साचून राहिलं होतं. चिंधी तारेला गुंडाळून ती खोबण पुसली. फिल्टर काढण्याआधी त्या बारवर प्लास्टिकचा तुकडा पसरायचा, पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतेय.

१ मार्च, रविवार

२०० किलोमीटर झाले. पुठ्ठा कोरडा, पावडर पांढरी, डिपस्टिक तिथल्या तिथे, दोन्ही पांढऱ्या रेघा जिथल्या तिथे. जुनं ऑइल झाकणबंद कॅनमध्ये आणि निथळलेला फिल्टर पिशवीत बांधून, वापरलेलं ऑइल गोळा करतात तिथे देऊन आले.

८ मार्च, रविवार

भावाने आपली गाडी आणली. "आता हिलाही पाऊण फेरा दे." उघडून पाहिलं तर तिथे डबा नाहीच. प्लास्टिकचं टोपण, आत सुटा कागदी फिल्टर, आणि टोपणाच्या गळ्यात पातळ ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी. इथे फेऱ्याचा नियम लागू होत नाही, आणि का होत नाही हे समजल्यावर डब्याच्या फिल्टरची गोष्ट आणखी पक्की झाली.

डब्याच्या फिल्टरमध्ये रिंग तोंडावर असते, आवळलं की दबते. टोपणात ओ-रिंग बाजूच्या भिंतीला चेपून बसते. टोपण आत शिरलं की ती आपोआप दबते, आवळण्याने तिच्यावर काही जास्त दाब येत नाही. टोपणाची रुंद कड टेकली की काम संपलं. त्यापुढचा जोर फक्त प्लास्टिकवर जातो आणि टोपणाला तडा जातो. म्हणून इथे टॉर्कचा आकडा असतो. याच्या टोपणावरच २५ न्यूटन-मीटर छापलंय. पाव मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलो टांगलं तर साधारण तेवढा होतो. याच्या टोपणाचे पैलू आधीच कुणीतरी झिजवलेले होते, पाना घसरत होता. अतिजोराचीच खूण.

जुनी ओ-रिंग बोथट काडीने उचलून काढली, टोकदार वस्तूने खोबणीला चरा जातो. टोपणावर दोन-तीन खोबणी होत्या. नवी रिंग जुनी होती त्याच खोबणीत, आट्यांच्या पलीकडे, घातली. काढण्याआधी फोटो काढून ठेवला होता, त्याचा उपयोग झाला. ऑइल लावलं, हाताने टेकवलं, टॉर्क पाना लावला, टक् झाल्यावर सोडून दिला. भाऊ दुसऱ्यांदा टक् करायला निघाला होता. मी त्याचा हात धरला.

३० ऑगस्ट, रविवार

बाबांच्या गाडीच्या ऑइलची पुढची वेळ. मधल्या सहा महिन्यांत एकदाही भर घालावी लागली नाही.

आज आडव्या बारवर आधी प्लास्टिक पसरलं. फिल्टरला टोपी-पाना लावला, आखूड दांड्याने एक सरळ ओढ, आणि तो सुटला. पुढे हाताने फिरवून काढला. काढल्या काढल्या उलटा केला. रिंग खोबणीत होती. नखाने उचलून बाहेर काढली, पुसली, बाबांच्या तळहातावर ठेवली. सगळीकडे एकाच जाडीची, जरा चपटी, पण गोल. त्यांनी दोन बोटांनी दाबली आणि सोडली. दाबलेली जागा हळूहळू परत वर आली.

नवा फिल्टर बसवला. डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिले, रेघ ओढली, पाऊण फेरा.